चुकलेले एक नाव

एका नदीकाठच्या नगरीत एकदा एक वृद्ध विद्वान राहत असत. अबू रुवैम त्यांचे नाव. पैगंबरांची वचने लोकांना ऐकवणे हे त्यांचे आयुष्यभराचे काम. आपल्याकडे चार पुस्तके चाळली की माणूस व्याख्यानाला उभा राहतो. तिथे तसे चालत नसे. वचन सांगण्याआधी ते आपण कुणाकडून ऐकले, त्याने कुणाकडून ऐकले, अशी नावांची साखळी थेट पैगंबरांपर्यंत सांगावी लागे. त्यातले एक नाव चुकले, तरी जाणकार ते वचन बाजूला ठेवत.

खजुरीच्या झाडांतून मशिदीच्या अंगणात कोवळे ऊन उतरे, नदीवरचे धुके हळूहळू विरत जाई आणि वृद्धाचा संथ आवाज ऐकता ऐकता लोकांना आपण कुठे बसलो आहोत याचाही विसर पडे. शेजारी त्यांचा लाडका शिष्य हुमैद बसलेला असे. त्याला हे सारे मुखोद्गत होते.

एके दिवशी दूर खुरासानहून एक प्रवासी आला. शेजारधर्माविषयीचे एकच वचन त्याला अबू रुवैम यांच्या तोंडून ऐकायचे होते. त्यासाठी त्याने वाळवंट तुडवले होते. वृद्धाने डोळे मिटले आणि म्हटले, "हे मी जुबैदकडून ऐकलं..."

हुमैद दचकला. जुबैद हा उस्तादांचा धाकटा भाऊ. तो तर लहानपणीच वारला होता! पण भरल्या सभेत उस्तादांना टोकायचे कसे? तो गप्प बसला. प्रवाशाने वचन पाठ केले, वृद्धाचा हात कपाळाला लावला आणि तो आपल्या काफिल्याकडे निघून गेला.

लोक पांगल्यावर वृद्धाने सहज विचारले, "बेटा, आज सगळं नीट झालं ना?"

"हो, उस्ताद."

"मग तेच वचन म्हणून दाखव."

हुमैदने म्हटले. खोटे नाव काही त्याच्या जिभेवर येईना. वृद्ध ऐकत राहिले. "आणि मी कुणाचं नाव घेतलं?"

हुमैदने मान खाली घातली. "जुबैदचं."

"पहाटे स्वप्नात आला होता तो," वृद्ध हळूच म्हणाले. "माझं बोट धरून नदीवर घेऊन गेला." मग ते काठी टेकत उठले. "माझं गाढव आण."

"आपण कशाला? मी धावत जातो. आपलं हे वय, हे ऊन!"

"चूक माझ्या तोंडून झाली. दुरुस्तही त्याच तोंडानं व्हायला हवी."

काफिला नगराबाहेरच्या विहिरीवर पाणी भरत होता. घामाने निथळणारे वृद्ध प्रवाशासमोर उभे राहिले, खरे नाव त्यांनी सांगितले आणि सर्वांदेखत म्हणाले, "माझी स्मृती आता भरवशाची राहिली नाही. यापुढे माझ्याकडून कुणी काही ऐकू नये. हुमैदकडून ऐकावं."

परतताना हुमैद गाढवाशेजारून रडत चालला होता. "उस्ताद, मी आपली अब्रू राखायला गप्प बसलो होतो. आपण तर ती चारचौघांत घालवलीत."

"बेटा, माझी अब्रू माझ्याबरोबर कबरीत जाईल. ते वचन मागे राहील, अजून जन्मालाही न आलेल्या माणसांसाठी. त्यांच्या हाती काहीतरी चुकीचं द्यावं, हा हक्क मला नाही आणि तुझ्या प्रेमालाही नाही."

त्यानंतर हुमैद सांगू लागला आणि वृद्ध श्रोत्यांत बसू लागले. ऋतू सरले. हळूहळू त्यांच्या मनातून गावे गेली, माणसे गेली, दिवसही गेले. चेहऱ्यावर मात्र लहान मुलासारखे कुतूहल उमटे. आपणच शिकवलेली वचने ते प्रथमच ऐकावीत तशी ऐकत.

एका सकाळी हुमैदने सुरुवात केली, "हे मी माझ्या उस्तादांकडून ऐकलं..." आणि पुढचे वचन सांगून संपवले. वृद्ध पुढे सरकले. त्यांचे डोळे भरून आले होते. "फार सुंदर आहे रे! तुझे उस्ताद कोण?"

हुमैद म्हणाला, "अबू रुवैम."

"मी नाही ओळखत त्यांना," वृद्ध म्हणाले. "पण माणूस खरा असावा. एक अक्षरही मला खोटं वाटलं नाही."

हुमैदने त्यांचा हात हाती घेतला, डोळे पुसले आणि पुढचे वचन सांगायला घेतले. प्रत्येक नाव त्याने सावकाश उच्चारले.