हस्तिदंती काठीचा शाप

एका राज्यात राजाच नव्हता, तरी कारभार चोख चालत होता. सात कुळांची माणसं गोरखचिंचेखाली बसत, जो तो आपलं म्हणणं मांडी आणि एकमत झाल्याखेरीज कोणी उठत नसे. तिथे एक हस्तिदंती काठी होती. ती कुणाच्या हाती द्यायची, हे सात कुळांच्या सात आज्या ठरवत. काठी धरणाऱ्याने स्वतःचं मत बोलायचं नाही, सगळ्यांचं ऐकून जे ठरलं तेवढंच सांगायचं. काठी हाती धरून कोणी आपला हुकूम सोडला, तर माणसं मुकी होतील आणि झरा आटेल, असा तिला शाप होता.

मुकांडा बोलण्यात वाघ आणि शिकारीत पहिला. पण आज्यांनी काठी दिली त्याच्या धाकट्या भावाला, तेंबोला. मुकांडाच्या अंगाचा तिळपापड झाला. याच्या तोंडावरची माशी हलत नाही, आणि मान याला? तेंबोपुढे लोक वाकले की मुकांडाच्या घशाखाली घास उतरत नसे.

एके दुपारी तेंबोचा डोळा लागला. मुकांडाने काठी उचलली आणि झाडाखाली जाऊन तो गरजला, "आजपासून मी म्हणेन ती पूर्वदिशा!" शाप म्हणजे पोरांना घातलेली भीती, अशी त्याची समजूत होती. त्याच्याखेरीज सगळ्यांच्या जिभा तत्क्षणी लाकडाच्या झाल्या आणि झऱ्यात नुसता चिखल उरला.

दोन दिवस त्याने मनसोक्त हुकूम सोडले. तिसऱ्या दिवशी त्याची लहानगी लेक रिकामा भोपळा घेऊन पुढ्यात उभी राहिली. तिला ‘पाणी’ म्हणताही येईना. मुकांडाच्या काळजाचं पाणी झालं.

झाडावर शंभर वर्षांचा धनेश पक्षी राहत होता. शाप माणसांना होता, त्याला तो बाधला नव्हता.

"पक्षीराज, उतारा सांगा."

"जागत्या सिंहिणीच्या मिशीचा केस आणून काठीला बांध. डोहातल्या मगरीच्या गळ्यातला मणी आणून झऱ्यात टाक. मग काठी परत कर, आणि तुझ्या पोटात जे जळतंय ते सगळ्यांदेखत बोलून दाखव."

"तिसऱ्याऐवजी आणखी एक सिंहीण सांगा."

"ते चालणार नाही."

मुकांडाने केस आणला, मणी आणला. वाटभर एकच विचार त्याला डसत होता, की हे पराक्रम पाहूनही लोक तेंबोपुढेच वाकतील. मग सात कुळांसमोर त्याने काठी भावाच्या हाती दिली. बोलण्यात वाघ असलेल्या त्या माणसाला शब्द सापडेनात.

"तेंबो," तो कसाबसा म्हणाला, "मी तुझ्यावर जळलो. तुला मान मिळाला, तो मला बघवला नाही."

झरा खळाळला. जिभा सुटल्या आणि जो तो ओरडू लागला. तेंबोने मात्र काठी थोरल्या आजीच्या मांडीवर ठेवली.

"आजी, घटकाभर सांभाळ. मला माझं बोलायचं आहे."

मग तो भावाकडे वळला.

"दादा, ही काठी हाती आली त्या दिवसापासून मीही तुझ्यावर जळतोय. तुला मनातलं बोलता येतं."

मुकांडाने त्याला शेजारी बसवून घेतलं. त्या दिवशी सात कुळांनी दिवस मावळेपर्यंत धाकट्याचं ऐकलं, आणि मध्येच त्याने काठी परत मागितली तरी आजीने ती दिली नाही.