पोळ्याच्या दिवशी घेतलेलं घर

“घर तेच, रस्ता तोच! मी खोटं काय बोललो ते सांग ना!” नागूशेट भर दरबारात तिसऱ्यांदा ओरडला.

“खरं काय बोललात ते सांगा, शेट,” सगुणा कासारीण म्हणाली. “ते लवकर आटपेल.”

घर होतं सांबरगडच्या जकातनाक्याला लागून, घाटरस्त्याच्या अगदी कडेला. शेटनं ते सगुणाला दाखवलं पोळ्याच्या दिवशी. त्या दिवशी बैलाच्या मानेवर कोण जू ठेवतो? रस्त्यावर एक चाक फिरलं नाही. सगुणा अर्धा दिवस ओसरीवर बसून राहिली, तर चिमणीची टिवटिव ऐकू येत होती. कासारणीला संक्रांत कळते, नागपंचमी कळते. बैलाच्या सणाला तिच्या हातच्या बांगड्या कोण भरणार? पोळा म्हणजे पुरणपोळी, एवढीच तिची ओळख. शिवाय शेट म्हणाला होता, रस्त्याकडेच्या घराचा भाव कधी उतरत नाही. पंचवीस वर्षं गावाच्या मनगटांवर बांगड्या चढवून जे साठवलं, ते सगळं तिनं त्याच्या पदरात टाकलं.

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू होताच गाड्या सुरू झाल्या. वंगण नसलेली चाकं, घुंगुरमाळा, नाक्यावरच्या शिव्या. भिंती थरथरायच्या, खुंटीवरच्या बांगड्या एकमेकींवर आपटायच्या आणि सांजेला सगुणा ओंजळभर काचा केरात टाकायची. असं वर्ष गेलं असतं तर विकायला बांगडी उरली नसती. म्हणून ती घर विकायला निघाली. शेट म्हणाला, रस्त्याकडेचं घर कोण घेतंय, पण ओळखीचं माणूस म्हणून पाव किंमत देतो.

सगुणा दाद मागायला दरबारात आली. हे भांडण राजासमोर चाललं होतं आणि राजाचे डोळे लालभडक होते. सहा महिने त्याला झोप नव्हती. वाड्यावर पहारेकरी अनवाणी चालत, कबुतरं हाकलली होती, राणीसाहेबांनी पैंजण उतरवले होते. तरी डोळ्याला डोळा नाही. सगुणा मात्र मघापासून एक गोष्ट बघत होती. ती आणि शेट तावातावानं भांडत तोवर राजाची हनुवटी छातीवर टेकायची. दोघं दम घ्यायला थांबले की तो दचकायचा.

दचकूनच त्यानं निवाडा दिला.

“आठ दिवसांत, दिल्या किमतीला घेणारं गिऱ्हाईक आण. गोंगाट त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलेला हवा. बहिरा चालायचा नाही, प्यालेला चालायचा नाही. नाही मिळालं तर घर शेटला, पाव किमतीत.”

शेटनं मिशीवर हात फिरवला. सगुणानं एवढंच मागितलं की आठव्या दिवशी दुपारी महाराजांनी स्वतः घरी यावं. राजा हो म्हणाला. झोप नसलेल्या माणसाला दुपार कुठंही सारखीच.

आठव्या दिवशी तिनं रस्त्याकडच्या खिडकीखाली बाज टाकली, वर घोंगडी अंथरली. गिऱ्हाईक येतंच आहे, तोवर महाराजांनी जरा टेकावं, असं ती म्हणाली. बाहेर मिठाच्या चाळीस गाड्या खोळंबल्या होत्या. आईमागून चालत आलेल्या वासराला जकात लागते की नाही, यावर एक गाडीवान आणि नाकेदार एकमेकांचे पूर्वज काढत होते. राजा टेकला. मग कलंडला. तिसरी गाडी नाका ओलांडते न ओलांडते तोच घोरायला लागला.

निकाल बघायला आलेल्या शेटनं बराच वेळ वाट पाहिली. मग तो सगुणाच्या कानाशी लागला. “महाराज तर झोपले. गिऱ्हाईक कुठाय?”

“मोठ्यानं बोला, शेट,” बांगड्या पुसत सगुणा म्हणाली. “कुजबुजलात तर जाग येईल त्यांना.”

दिवेलागणीला नाका बंद झाला. रस्ता निपचित पडला. राजा ताडकन उठून बसला.

“कोण गप्प झालं?”

सगुणानं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि महाराजांनी गोंगाट ऐकला ना, असं विचारलं. ऐकला होता. कान शाबूत होते. प्यालेलं काही नव्हतं. राजानं खिडकीकडं पाहिलं, बाजेकडं पाहिलं, सगुणाकडं पाहिलं, आणि असा हसला की खुंटीवरच्या बांगड्या वाजल्या. घर त्यानं पुऱ्या किमतीला घेतलं. वर तळ्यामागच्या आळीत सगुणाला दोन खणांचं घर दिलं आणि वाड्यावर बांगड्या भरायचा मान दिला.

तेवढ्यात शेट पुढं सरसावला. पुरी किंमत आपणही देतो म्हणाला, आत्ताच. मूळ मालक आपण, पहिला हक्क आपला, रस्त्याकडेचं घर, भाव चढतच जाणार! सगुणानं त्याला पाव किमतीची आठवण करून दिली. त्यानं तिला ओळखीची करून दिली. दोघांचे आवाज चढले तसे राजाचे डोळे पुन्हा मिटायला लागले. त्यानं कसेबसे ते उघडे ठेवले.

“बाई, एक खरं सांग. या घरात खोट काय?”

“एकच आहे, महाराज: पोळ्याला रस्ता मुका होतो, तर त्या दिवशी निरोप धाडा, मी आणि शेट या खिडकीखाली येऊन भांडत बसू.”