सूर्याचे डोळे दिपवणारी जैवंता

उंबरठ्यावर सावली कुठवर सरकली ते बघून माणसं वेळ सांगायची, त्या काळातली ही गोष्ट. वऱ्हाडात काळपठार नावाचं गाव होतं. खाली काळा खडक, वर उघडं आभाळ. असं म्हणतात, तिथल्या उन्हाळ्यात चिमण्या उडता उडता भाजून खाली पडायच्या.

गावाची समजूत अशी, की सूर्याची दृष्ट लागते. लेकराच्या गालाला काळी तीट लावतात, मग घराला का नको? म्हणून दर चैत्रात माणसं तेलात काजळी कालवायची आणि छपराची कवेलू, म्हणजे कौलं, काळीकुट्ट माखायची. फटीतून दृष्ट शिरेल म्हणून झरोके चिखलाने लिंपायची. आणि दर वैशाखात तान्ही लेकरं तापाने फणफणून दगावायची. लोक म्हणायचे, यंदा काजळी कमी पडली. पुढच्या वर्षी आणखी जाड थर. थांबून विचार करायला कुणाला सवड नव्हती.

जैवंता चुना भाजायची. मागच्या वैशाखात तिचा पहिला नातू असाच गेला. यंदा सून मंजुळेला मुलगी झाली, वैशाख लागला, आणि लेकरू दूध सोडून नुसतं धापा टाकू लागलं.

त्या दुपारी जैवंता भट्टीवर गेली ती अनवाणीच. खडकावर पाय पडला तसा चटका बसला. ती उडी मारून चुना फासलेल्या कट्ट्यावर चढली, आणि तिथेच थबकली. कट्टा भाजत नव्हता. ऊन तेच, मग हे कसं? तिने भट्टीकडे पाहिलं. वरच्या तोंडातून झळा निघत होत्या आणि खालच्या भोकातून वारा आपणहून आत ओढला जात होता.

ती घरी आली आणि चुना घेऊन छपरावर चढली. गाव जमलं.

"जैवंते, सूर्याले डिवचू नको," सोनबा पाटील खालून म्हणाले. "साऱ्या गावाले भोगा लागन."

"पाटीलबुवा, काळं कवेलू ऊन खाते, अन् खाल्लेलं खाली लेकराच्या अंगावर ओतते. हवेले ऊन तापवत नाई. ऊन कवेलू तापवते, खडक तापवते, अन् ते हवेले तापवतात."

"पांढरं घर म्हंजे विधवेचं कपाळ, व माय," एक म्हातारी म्हणाली.

"माह्या घराचं कुंकू मी पाहीन, आत्याबाई. तुम्ही चुन्याचं दुसरं घमेलं तेवढं वर द्या."

कुणी घमेल्याला हात लावेना. तेव्हा ओली बाळंतीण मंजुळा बाहेर आली, आणि तिने ते उचलून वर दिलं.

छप्पर पांढरं झालं. जैवंतेने आढ्याजवळची कवेलू काढली, खाली भिंतीतला झरोका फोडला.

असं म्हणतात, दुसऱ्या दिवशी सूर्य माथ्यावर आला, त्याने त्या घराकडे नजर टाकली, आणि ती नजर जशीच्या तशी त्याच्याच डोळ्यांत परत गेली. सूर्य दिपला. आभाळात ढग नसताना गावावर सावली पडली, कारण त्याने पापणी मिटली होती. घरात कोंडलेली झळ आढ्यातून शीळ घालत निघाली, आणि वर घिरट्या घालणारी घार तिच्यासरशी आणखी उंच उचलली गेली. झळेच्या मागोमाग झरोक्यातून सावलीतला वारा आत शिरला. लेकराने डोळे उघडले आणि ते आईला लुचू लागलं.

पाटलांच्या घरीही तान्हं होतं. त्यांनी धोतर खोचलं आणि शिडी मागवली.

अमावास्येच्या आत सारं गाव पांढरं झालं. त्या वैशाखात काळपठारात पाळणा रिकामा झाला नाही.

जैवंता म्हातारी होऊन गेली. असं म्हणतात, तिच्या चितेची झळ इतकी उंच चढली, की ती खाली आलीच नाही. त्या उंचीवर घारी अजूनही पंख न हलवता तरंगतात.

आजही होळी विझली की काळपठारात चुना भिजतो. पहिलं छप्पर रंगतं ते गावातल्या सगळ्यांत धाकट्या लेकराच्या घराचं. ते घर पाटलाचं असो की पारध्याचं, त्याच्याशी वर्षभराचा अबोला असो. सारं गाव आधी तिथे जमतं. शेवटचा हात मारून झाला की त्या लेकराची आजी अंगणात उभी राहते, कपाळावर आडवा हात धरून सूर्याकडे बघते आणि म्हणते,

"ये बाप्पा. पाहून घे आता."