नाकारलं कोणी?

"पण पलीकडचं मशीन दारच उघडत नसेल, तर त्यात माझी काय चूक, बाई?"

लोंढे बाई ओसरीवर फणस फोडत बसल्या होत्या. कोपरापर्यंत खोबरेल, तरी बोटं चिकानं माखलेली. पॉलिटेक्निकमध्ये सुमेधला प्रोग्रॅमिंग त्यांनीच शिकवलं होतं. तो वर्गात पहिला आला होता. बाकीचे ते कधीच विसरले होते. सुमेध नव्हता विसरला.

त्यानं लॅपटॉप उघडून पुढे सरकवला.

"मला हात लावता यायचा नाही. तोंडानं सांग."

त्यानं सांगितलं. रक्तपेढीचं ॲप त्यानं लिहिलेलं. रक्तदात्यांची यादी, म्हणजे डेटाबेस, दोन वर्षं ॲपच्याच मशीनवर होती. मग ती पलीकडच्या इमारतीतल्या वेगळ्या सर्व्हरवर हलवली. त्या सर्व्हरची देखभाल नसीमा मुजावरकडे. त्या दिवसापासून ॲप एकच सांगतं : कनेक्शन रिफ्यूज्ड. जोडणी नाकारली.

"नसीमा काय म्हणाली?"

"म्हणाली, माझ्याकडे कुणी आलंच नाही. तीन वेळा तेच. सर्व्हरवर कोण आलं-गेलं त्याची नोंद दाखवायला आली होती. कोरी."

"बघितलीस?"

"कोऱ्या नोंदीत काय बघायचं, बाई?"

बाईंनी एक गरा सोडवला.

"मग?"

"मग मी वर लिहून दिलं. सहकार्य करत नाही म्हणून." सुमेध ओसरीच्या खांबाकडे बघत राहिला. "सोमवारी तिला काढलं. जाताना माझा डबा घासून टेबलावर ठेवून गेली. आम्ही एकत्र जेवायचो."

"आणि आता चालतंय?"

"नाही ना... तिच्या जागी नवा माणूस आला. तरी तेच."

"जोडणीची सेटिंग तपासलीस?"

"पन्नास वेळा!"

"डोळ्यांनी?"

"मग कशानं तपासतात?"

"वाच मोठ्यानं. पाढे म्हणतात तसं."

सुमेधला हसू आलं. पण बाईंच्या हातात विळा होता. तो वाचू लागला.

"डेटाबेसचं नाव, नवीन. बरोबर. युजर, नवीन. पासवर्ड, नवीन. होस्ट, म्हणजे यादीचा पत्ता, लोकलहो..."

तो थांबला.

"पुढे?"

"लोकलहोस्ट."

"म्हणजे काय रे? मी म्हातारी झाले, विसरले."

"म्हणजे... हेच मशीन. आपण स्वतःच."

फणसाच्या चिकावर माशी बसली होती. बाईंनी ती उडवली नाही.

"यादी तर तिकडे गेली," सुमेध हळूच म्हणाला. "ॲप मात्र अजून इथंच मागत होतं. स्वतःपाशीच."

"मग नाकारलं कोणी?"

सुमेधनं त्या एका शब्दाच्या जागी पलीकडच्या सर्व्हरचा पत्ता टाकला. वाईट एवढंच, की त्याला पुरतं मिनिटही लागलं नाही. रक्तदात्यांची नावं सरसर खाली उतरली. त्यानं ती वाचली नाहीत.

"आजच लिहून देतो, चूक माझी होती म्हणून. तिला परत घेतील?"

बाईंनी पुढचा गरा सोडवला.

सुमेधनं फोन काढला. नसीमाचं नाव समोर आणलं, आणि अंगठा तसाच राहिला.

"बाई... तिनं बोलायला नाकारलं तर?"

बाईंनी गऱ्यांचं ताट त्याच्यापुढे सरकवलं.

"तर या वेळी निदान ते तिनं नाकारलेलं असेल."