शपथ न घेणारा बस्त्याव

फिरंग्यांच्या अमलात वसईकडच्या एका कोळीवाड्यात मानुएल नावाचे पाद्री राहत. युरोपात नास्तिक वाढत चालल्याचं त्यांना पत्रांतून कळलं होतं. त्या काळजीने त्यांना चैन पडेना. दर रविवारी ते देवळात, म्हणजे चर्चमध्ये, सांगत, “घड्याळ आहे म्हणजे घड्याळ करणारा असणारच. मग एवढं जग आपोआप झालं?” आणि शेवटी बजावत, “नास्तिकाला नरकाचं भय नसतं. तो खुशाल खोटी शपथ घेईल. त्याच्यावर विश्वास ठेवू नका.”

वाड्यात नास्तिक असा कुणी नव्हता. पण लोक शोधू लागले, आणि त्यांची नजर होड्या बांधणाऱ्या बस्त्याववर गेली. देवीच्या साथीत त्याची बायको आणि दोन्ही मुली गेल्या होत्या. तेव्हापासून तो देवळात आला नव्हता. “वर कुणी ऐकतंय असं मला वाटत नाही,” एवढंच तो म्हणे.

अशातच वाड्यातल्या पास्कूची होडी बुडाली आणि त्याचा भाऊ गेला. होडी बस्त्यावने बांधलेली होती. पास्कू बस्त्यावला धरून, लोकांना घेऊन पाद्रींच्या दारात आला. “त्याने मुद्दाम फळी कच्ची ठेवली. त्याला कशाचं भय आहे? तुम्हीच सांगितलंत.”

पाद्रींना तिथला रिवाज ठाऊक होता. निर्दोष असल्याची शपथ क्रूसावर हात ठेवून घेतली, की आरोपी सुटे. नाही घेतली, तर त्याला बेड्या घालून शहरात धर्मन्यायालयापुढे नेत. तिथून फारसं कुणी परतत नसे. नास्तिकाला पाठीशी घालणाऱ्या पाद्रीचीही तिथे गय होत नसे.

त्यांनी बस्त्यावला आत बोलावलं आणि दार लोटलं. “तू हे केलंस?”

“नाही, पाद्रीबाबा. फळी चांगली होती. होडी खडकावर आपटली असेल.”

“मग बाहेर चल आणि क्रूसावर हात ठेव. दोन शब्द बोल, सुटशील.”

“मरायची मला भीती वाटते,” बस्त्याव म्हणाला. “पण जे मी मानत नाही, त्याची शपथ कशी घेऊ? ती खोटी होईल.”

पाद्री खाली बसले. बाहेर लोक दार ठोठावू लागले. अखेर त्यांनी दार उघडलं.

“देव आहे, हे मी आजही सांगतो,” ते म्हणाले. “पण नास्तिक खुशाल खोटी शपथ घेतो, हे मी चुकीचं सांगितलं. हा माणूस जीव वाचवायलासुद्धा खोटं बोलेना. याच्या शब्दाला मी जामीन आहे. शहरात न्यायचं तर आधी मला न्या.”

न्यायला कुणी पुढे आलं नाही. मग एकेक जण घरी गेला. पास्कू सगळ्यांत शेवटी गेला.

बस्त्याव पुढेही देवळात आला नाही. शहरातून बोलावणं येईल म्हणून पाद्री कित्येक महिने प्रत्येक होडीकडे धास्तीने पाहत राहिले. पण त्यांनी आपला शब्द मागे घेतला नाही.

तात्पर्य: माणूस काय मानतो यावरून तो खरा की खोटा हे ठरवू नये, आणि आपल्या बोलण्याने कुणावर संकट आलं, तर भीती वाटत असतानाही चूक कबूल करून त्याच्या बाजूने उभं राहावं.