भोक पडलेली घागर

एकदा एका वृद्ध वैद्याला राजसभेचे बोलावणे आले. त्या राज्यात एक कायदा व्हायचा होता. उतारवयात काही माणसांची स्मृती झिजत जाते, ती आपल्याच माणसांना परकी समजू लागतात. हा आजार गावोगावच्या वैद्यांना ओळखता यावा, म्हणून त्यांना तीन महिने शिक्षण द्यावे आणि त्याचा खर्च राज्याने सोसावा, असा तो कायदा होता. सभेत त्याला बराच विरोध होता.

वृद्धाचे कितीतरी शिष्य ग्रंथच्या ग्रंथ मुखोद्गत म्हणत. त्यांपैकी कोणालाही त्याने बरोबर घेतले नाही. एका लहान गावात वैद्यकी करणारा, चारचौघांत मान वर न करणारा एक तरुण शिष्य मात्र त्याने मुद्दाम बोलावून घेतला.

"गुरुजी, मला कशाला नेताय?" वाटेत शिष्य म्हणाला. "मला यातलं काही येत नव्हतं. माझ्या हातून काय झालं, ते आपल्याला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे," वृद्ध म्हणाला. "घागर घेतलीस ना?"

शिष्याने गाठोड्यातली घागर दाखवली.

सभेत सर्वांत आधी कोषाध्यक्ष बोलला. "वैद्यराज, विसरण्यावर औषध सापडलं का? सापडलं असेल तर आधी मला द्या. सकाळपासून माझं उपरणं सापडत नाही." सभा हसली. मग तो गंभीर झाला. "औषधच नाही, तर वैद्यांना शिकवायचं काय? पाणी नसलेल्या विहिरीला पायऱ्या बांधायच्या, आणि त्याही प्रजेच्या पैशातून?"

 वृद्धाने शिष्याच्या पाठीवर हात ठेवला, त्याला पुढे केले आणि स्वतः खाली बसला. एवढा मोठा वैद्य, आणि साक्षीला हा मुलगा? सभेत कुजबुज झाली. शिष्याने घागर पुढ्यात ठेवली. तिच्या तळाला अंगठा जाईल एवढे भोक होते.

"माझ्या गावात एक तांबट होते," तो हळू आवाजात म्हणाला. "त्यांच्या पत्नी गिरजाबाई त्यांना आणि ही घागर घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, 'वैद्यबुवा, चाळीस वर्षं यांचा ठोका चुकला नाही. काल एकाच जागी ठोकत बसले, भोक पडेपर्यंत. मला भीती वाटते.' मी नाडी पाहिली, जीभ पाहिली. म्हटलं, आई, वय झालं, चालायचंच. आणि चूर्ण दिलं. घागर माझ्याकडेच राहिली.

"पुढे एकदा त्या एकट्याच आल्या. मनगट सुजलेलं. 'मला चोर म्हणतात. हातोडी चोरलीस म्हणाले आणि हात पिरगळला.' मी मनगटाला लेप लावला. म्हटलं, म्हातारपणी स्वभाव बिघडतो, तुम्ही त्यांच्या तोंडी लागू नका.

"त्यानंतर दोन महिन्यांनी, भर उन्हाळ्यात, मुलांना शेजारच्या गावी लग्नाला जायचं होतं. लोकांत शोभा नको म्हणून त्यांनी वडिलांना भट्टीच्या खोलीत ठेवलं आणि बाहेरून कडी घातली. आईलाही बरोबर नेलं. आळीत दिवसभर ठक ठक ऐकू येत होतं. लोक म्हणाले, म्हातारा पुन्हा कामाला लागला, बरं झालं. दुपार कलल्यावर आवाज थांबला." त्याने घागरीच्या काठावर हात ठेवला. "ते दार ठोकत होते. खोलीत इतकी भांडी, पण एकातही पाणी नव्हतं."

कोषाध्यक्षाचा आवाज उतरला होता. "तुला शिकवलं असतं, तर तो बरा झाला असता?"

"नाही."

"मग?"

"मी मुलांना सांगितलं असतं, हा आजार आहे, कडी घालू नका, कोणीतरी जवळ राहा. आळीला सांगितलं असतं, यांच्याकडे लक्ष ठेवा. तेवढंच. मला तेवढंही ठाऊक नव्हतं."

कोषाध्यक्षाने घागर उचलून पाहिली आणि परत ठेवली. त्यानंतर विरोधात कोणी बोलले नाही. कायदा संमत झाला.

परतीच्या वाटेवर वृद्ध म्हणाला, "हुशार शिष्य नेला असता, तर त्याने लक्षणं घडाघडा म्हणून दाखवली असती, आणि सभेने त्याच्या पाठांतराचं कौतुक करून कायदा बाजूला ठेवला असता. ज्ञानाचा उपयोग ज्ञानी सांगू शकतो. अज्ञानाने काय हिरावलं, ते ज्याच्या हातून गेलं त्यालाच सांगता येतं. माणूस घाबरला की राजवैद्याकडे जात नाही रे, जवळच्या दारी जातो. तिथे त्याला कळलं नाही, तर पुढे कुठे जायचं हेही त्याला कळत नाही. आणि दोष तुझ्या एकट्याचा नाही. मी तुला नाडी शिकवली, हे शिकवलं नाही. आज तू माझीही साक्ष दिलीस." मग थोडे चालून तो म्हणाला, "घागर जिची तिला दे. आणि ती विचारील त्याचं उत्तर दे."

गिरजाबाई ओट्यावर बसल्या होत्या. शिष्याने घागर त्यांच्यापुढे ठेवली आणि कायदा झाल्याचे सांगितले.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. बराच वेळ घागरीवरून हात फिरवत राहिल्या. "एक विचारू? मला चोर म्हणायचे, ते त्यांच्या मनातलं होतं का?"

"नाही, आई. तो आजार बोलत होता. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

गिरजाबाईंनी पदराने घागर पुसली.

"तोंडी लागू नका म्हणालात," त्या म्हणाल्या. "म्हणून शेवटचे दोन महिने मी त्यांच्याशी बोललेच नाही."

शिष्य ओट्याच्या पायरीवर खाली बसला. यावरही त्याच्याजवळ औषध नव्हते. पण या वेळी तो चालायचंच म्हणाला नाही, आणि उठूनही गेला नाही.