भिंतीला सांगितलेली तक्रार

एका गावात एक कुंभार राहत होता आणि त्याच्या दुर्दैवाने त्याच्या घराला शेजार होता. दोन घरांमध्ये एकच मातीची भिंत. पलीकडचं घर बरीच वर्षं रिकामं होतं, तोवर कुंभाराचं सगळं सुरळीत चाललं होतं. मग तिथे एक सनईवाला राहायला आला.

सनई लांबून गोड लागते, हे खरं आहे. मांडवाच्या दाराशी तर फारच गोड. पण तीच भिंतीपलीकडे सकाळी सुरू होऊन दिवेलागणीपर्यंत चालली की माणसाचं काय होतं, ते कुंभाराला विचारा. त्यातून हा सनईवाला एकच चाल घोटत बसायचा. ती चाल एका ठरावीक जागी अडखळायची आणि अडखळली की पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. ती जागा जवळ आली की कुंभाराचे दात आपोआप आवळले जायचे आणि चाकावरच्या मडक्याला कुबड यायचं.

दिवस वैशाखाच्या तोंडाचे होते. अक्षय्य तृतीयेला त्या गावात घरोघरी नवी मातीची घागर आणून, पाण्याने भरून, गेलेल्या माणसांच्या नावाने पुजत. गावाला घागरी पुरवणारा कुंभार हा एकच. तो प्रत्येक घागर देण्याआधी बोटाच्या पेराने ठोकून, कान लावून ऐके. पक्की घागर खणखणीत वाजते. भट्टीत केसाएवढी चीर गेलेली घागर बद्द वाजते. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. कुंभाराने "पक्की आहे" म्हटलं की गाव डोळे मिटून घागर उचलत असे. त्याच्या बापाच्या वेळेपासून असंच चालत आलेलं होतं.

आता सनईच्या आवाजात त्याला खणखणीतही ऐकू येईना आणि बद्दही.

कुंभारीण शहाणी होती. ती म्हणाली, जाऊन सांगा त्याला. कुंभार म्हणाला, मी का सांगू, त्याला अक्कल नाही? ती म्हणाली, मग घागरी नदीवर नेऊन ठोका. कुंभार म्हणाला, माझ्या घरातून मी का उठू? कुंभारीण चुलीकडे वळली. असल्या प्रश्नांना कोणाकडेच उत्तर नसतं.

कुंभाराने आपले उपाय सुरू केले. पहिला उपाय गाढवाचा. तो अंगणात उभा राहून गाढवावर ओरडू लागला की किती कोकलशील, शेजारी माणसं राहतात, जरा लाज धर. गाढव बिचारं मुकाट कडबा खात होतं. लेकी बोले सुने लागे, असा कुंभाराचा हिशेब होता, पण सुनेच्या तोंडात सनई होती. तिला काय ऐकू जाणार?

दुसरा उपाय भिंतीचा. सनई सुरू झाली की कुंभार मडकी घडवायचं लाकडी थापटणं घेऊन भिंतीवर मारू लागला. धप, धप, धप. आश्चर्य म्हणजे, त्याने थोपटलं की सनई जास्तच जोरात वाजायची. कुंभार संतापून आणखी थोपटायचा, सनई आणखी चढायची. "बघ, मुद्दाम करतोय," तो बायकोला म्हणाला. माणूस किती नीच असतो, यावर तो जेवताना रोज बोलू लागला. बोलला सगळ्यांशी, शेजाऱ्याशी सोडून.

तृतीयेच्या आदल्या दिवशी गाव घागरी न्यायला दारात आलं. पलीकडे सनई भरात होती. कुंभाराने पहिली घागर ठोकली, कान लावला. काही कळलं नाही. दुसरी ठोकली, तेच. कुंभारीण हळूच म्हणाली, "मला तर काहीच ऐकू येत नाही. तुम्हाला येतंय?"

दारात एवढी माणसं उभी होती. "येतंय," कुंभार म्हणाला आणि ठोकून ठोकून घागरी देत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आतच पाच घरांची माणसं परत आली. घागर पाझरली तर पाणी गार होतं, त्याचं कोणाला काही नसतं. पण या घागरी गळत होत्या. घागरीखाली मांडलेले पूजेचे गहू भिजले, घरात ओहोळ गेला. शेवटी एक म्हातारी आली. त्याच वर्षी तिचा नवरा गेला होता आणि त्याच्या नावाची तिची ही पहिलीच घागर होती. रिकामी घागर ओट्यावर ठेवून ती निघून गेली.

कुंभार तसाच उठला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा शेजारच्या दारात जाऊन उभा राहिला. त्याने तोंड उघडण्याआधीच सनईवाला लगबगीने उठला आणि घोंगडी झटकून अंथरली.

"या दादा, या. शेवटी आलात. माझा भाऊ संबळ वाजवायचा, तो परगावी गेला. साथीवाचून मला सूर लागेना. मग इथे आलो, तर भिंतीपलीकडून तुम्ही ठेका धरलात. तुम्ही थोपटलंत की वाटायचं, यांना आवडतंय. तुमच्यासाठीच मी जोर लावायचो."

कुंभाराने आणलेल्या सगळ्या शिव्या घशातच राहिल्या. त्याने घागरींचं काय झालं ते कसंबसं सांगितलं. सनईवाल्याचं तोंड उतरलं. नदीवर जाऊन वाजवायला आपल्याला काहीच अडचण नव्हती, नुसती एक हाक मारायची होती, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

कुंभार घरी आला. आता सगळं शांत होतं. उरलेल्या घागरी त्याने एकेक करून ठोकल्या, एक खणखणीत निवडली आणि खांद्यावर घेऊन म्हातारीच्या घरी गेला. घागर खाली ठेवून त्याने सनईची सगळी हकीकत सांगितली. आपल्याला ऐकूच कसं येत नव्हतं, हे दोनदा सांगितलं.

म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, सनई मलाही ऐकू येत होती. मी तुझ्या दारातच उभी होते. पण घागर पक्की आहे, असं मला सनईवाल्याने नाही सांगितलं."

दिवस मावळला होता, पूजेची वेळ टळून गेली होती. म्हातारीने नवी घागर घरात नेऊन कोपऱ्यात पालथी घातली.

तात्पर्य: ज्याचा त्रास होतो त्यालाच जाऊन सांगावं आणि वेळेवर सांगावं. भिंतीला सांगत बसलं की शेजारी सुधारत नाही आणि भुर्दंड मात्र भलत्याच घराला पडतो.